पूर्ण बाह्यांचा शर्ट

"काकू, तुमच्या सॅकमध्ये आहे तरी काय? पावलागणिक खडखडतंय," निमिष मागून म्हणाला.

"तुला काय करायचंय? पुढे बघून चाल," सुचित्राकाकू म्हणाल्या.

चढ संपताच सगळे टेकले. अमेरिकेतल्या हर्नडनच्या मराठी मंडळाचा हा गट पहाटेच दोन गाड्यांतून निघाला होता. व्हर्जिनियाच्या पश्चिम टोकाला डोंगरात गरम पाण्याचे झरे आहेत. त्यांच्याभोवती दिवसभर भटकायचं, पाण्यात डुंबायचं आणि रात्रीपर्यंत घरी, असा बेत होता. एरवी जागा निमिष ठरवायचा. या वेळी काकू हटून बसल्या होत्या: जायचं तर झऱ्यांवरच.

आसावरीने कपाळावरचा घाम टिपला. भर मे महिन्यात तिचा शर्ट पूर्ण बाह्यांचा होता, मनगटाची बटणंसुद्धा लावलेली. कोपरांवर, दंडांवर, खांद्यांवर तिला कोड होतं. मुलीच्या जन्मानंतर पहिला डाग उमटला आणि मग डाग सावकाश पसरत गेले. इस्पितळाच्या लॅबमध्ये ती रक्ताचे नमुने तपासायची. हातमोजे आणि लांब बाह्यांचा कोट. नोकरी जणू तिच्या मापानेच बेतलेली. नवरा आणि मुलगी सोडून हे कोणाला ठाऊक नाही, याची तिला खात्री होती. ती खात्री सांभाळण्यात तिचे इथले सगळे उन्हाळे गेले होते.

निमिषने गमतीत काकूंच्या सॅकची चेन ओढली. दुधाचे रिकामे कॅन बाहेर डोकावले, धुऊन लख्ख केलेले.

"काकू, पाणी भरून नेऊन इंडियन स्टोअरमध्ये विकणार की काय?"

"विकायला कशाला? आसावरीसाठी आहेत ते."

बोलून गेल्यावर काकूंनी जीभ चावली.

"माझ्यासाठी कशाला?" आसावरीने विचारलं. तिला उत्तर कळलं होतं.

"गंधकाचं पाणी आहे गं," काकूंचा आवाज खाली आला. "आमच्याकडे वज्रेश्वरीच्या कुंडांवर लोक त्याचसाठी येतात. रोज अंघोळीत तांब्याभर घेतलंस तर... म्हणून तर म्हटलं, इथे यायचं."

भर रस्त्यात कुणी आपला शर्ट ओढून काढावा, तसं आसावरीला झालं. तिने निमिषकडे पाहिलं. तो बुटाची लेस बघत होता.

"तुलाही माहीत होतं?"

"ताई, म्हणजे... सगळ्यांनाच माहितीये. कोणी इश्यू करत नाही, एवढंच."

ती पुढे निघाली. गाडीची किल्ली जवळ असती तर ती माघारीच वळली असती. मागून काकूंची धाप ऐकू येत होती. पुढे उतारावर सुटे दगड होते आणि काकूंचे गुडघे तिला माहीत होते. शेवटी ती थांबली आणि वळून न बघताच हात मागे केला. काकूंनी तो धरला.

"कधी कळलं तुम्हाला?"

"गणपतीत. माझ्या किचनमध्ये मोदकांची उकड मळत होतीस. कामाच्या भरात बाह्या वर सारल्यास."

"कुठल्या गणपतीत?"

"तुझी रुचा रांगत होती तेव्हा. आता कॉलेजात आहे."

आसावरीने काकूंना एका सुट्या दगडावरून उतरवलं. "आणि तरी दर वर्षी उकड मलाच मळायला सांगता?"

"मग कोणाला सांगू? त्या चारुताच्या उकडीला चिरा पडतात."

आसावरीला हसू आवरेना. हसताहसता डोळे कधी भरले ते तिचं तिला कळलं नाही.

"या पाण्याने जात नाही, काकू."

"नाही जात?"

"नाही."

"मग राहिलं," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं तुझ्याशी बोलायचा धीर झाला नाही. वाटलं, पाण्याचं निमित्त होईल."

झऱ्याचं पाणी दगडांनी अडवून छोटं कुंड केलं होतं. उकडलेल्या अंड्यासारखा मंद वास येत होता. बाकीचे उतरलेसुद्धा. आसावरी काठावर पाय सोडून बसली. पाणी कोमट होतं. मग तिने मनगटाची बटणं काढली, नंतर पुढची, आणि शर्ट उतरवून खडकावर ठेवला. आत बिनबाह्यांचा टॉप होता.

"ताई, तिकडून नको, शेवाळ आहे. इकडून या," निमिष म्हणाला आणि पुन्हा पोहायला लागला.

ती गळ्यापर्यंत पाण्यात उतरली. खांद्यांवरून पाणी सरकत होतं, आणि बराच वेळ ती नुसती उभी राहिली.

बाहेर येऊन खडकावर बसली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. तिने पिशवीतून सनस्क्रीनची ट्यूब काढली.

"डागांवरची कातडी उन्हाने लगेच भाजते," ती म्हणाली. "खांद्यामागे माझा हात पोचत नाही."

असं तिने घराबाहेर कोणाला कधी सांगितलं नव्हतं.

काकूंनी चष्मा कपाळावर चढवला आणि तळहातावर क्रीम घेतलं. "दुखतं का?"

"नाही."

आधी त्यांनी एका डागाच्या कडेने जपून बोट फिरवलं. मग अख्खा तळवा टेकवला, आणि न्हाऊ घालण्याआधी पोरीला तेल चोळावं तशा मानेपासून कोपरापर्यंत चोळत राहिल्या, सावळं-पांढरं न निवडता.

"हलू नकोस," त्या म्हणाल्या, "एक बाजू राहिलीय अजून."