पाचवा उलटा माणूस

कोतवालीच्या भिंतीवर चार माणसं उलटी टांगलेली होती. रंगवलेली, गद्दारांची बेअब्रू म्हणून. खरी माणसं केव्हाच गळ्याला दोर बांधून खिडक्यांतून खाली सोडून झाली होती. डाव्या पायाला दोर, हात लोंबते, तोंडं लालभडक. पाचव्याची जागा मोकळी होती आणि ती भरायचं काम माझ्या नवऱ्याला, तादेओला, मिळालं. मिळालं म्हणजे दोन शिपाई दारात येऊन सांगून गेले. असल्या कामाला नाही म्हणणारा चितारी फ्लोरेन्समध्ये मी तरी पाहिलेला नाही.

पाचवा म्हणजे ग्रीक गुरुजी, निकेफोरोस. तुर्कांनी त्यांचं शहर घेतलं तेव्हा पोथ्यांचं गाठोडं पाठीवर टाकून ते इकडे आले आणि पुढे एका बड्या लोकरवाल्याच्या बागेत त्याच्या मुला-पुतण्यांना शिकवू लागले. त्या वर्षीच्या वसंतात ते घर सत्ताधीशाविरुद्धच्या कटात सापडलं. मालक गेला, पोरं गेली, घर लोकांनी जाळलं. गुरुजी तेवढे निसटले. त्यांचा गुन्हा काय, तर जुलमी सत्ताधीशाला मारणं योग्य की अयोग्य, असा प्रश्न त्यांनी त्या पोरांना घातला होता म्हणे. उत्तर पोरांनी स्वतःच शोधलं.

मला ते गुरुजी कधी आवडले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. तादेओ त्या बागेतल्या भिंतीवर सॉक्रेटिस काढायला गेला, हातात विषाचा पेला घेतलेला, आणि चेहऱ्यासाठी त्याने गुरुजींनाच समोर बसवलं. दोन वर्षं ते काम रेंगाळलं. रोज घरी येताना नवा प्रश्न घेऊन यायचा. मी घेवड्याचं कढण वाढलं की विचारायचा, "चव कढणात असते की जिभेत?"

"डावात असते," मी म्हणायचे. "डोक्यात घालून दाखवू?"

एकदा गुरुजी आमच्या घरी आले होते. तादेओ त्यांचा चेहरा कागदावर उतरवत होता. त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"तादेओ, हे नाक कुणाचं?"

"तुमचं, गुरुजी."

"छे, तुझं आहे. तू बघत नाहीस बाळा, आठवतोस. तुझ्या हाताला एकच चेहरा पाठ आहे."

तादेओ चिडला, पण त्याने तीनदा पुसून चौथ्यांदा काढलं. चौथ्यांदा जे उतरलं, ते गुरुजीच होते. आता हा म्हातारा कागदातून मला कढण पातळ झालंय म्हणेल, असं वाटायचं.

बागेतली भिंत घराबरोबर जळाली. गुरुजींना जवळून पाहिलेले लोक फासावर गेले. राहिला तो आमच्या घरातला कागद. आणि कोतवालीचा कारभारी तादेओला बजावून गेला होता, "चेहरा असा हवा की शिपायाने भिंतीवर बघावा आणि वेशीवर धरावा. म्हातारा अजून शहरातच आहे."

त्या दिवशी तादेओने कागद माझ्या हातात दिला. "जाळ हा."

"मग भिंतीवर काय काढणार?"

"भलताच माणूस. जगात नसलेला."

"अहो, कळलं तर मान जाईल तुमची!"

"कळणार कुणाला? गुरुजींना ओळखणारं उरलंय कोण?"

"आपण."

"म्हणून तर जाळ म्हणतोय."

मी चूल पेटवली, पण कागद जाळला नाही. चेस्टनटच्या पिठाच्या पेटीखाली सरकवला. मला भीती वाटत होती. उद्या हे अंगाशी आलं तर नवऱ्याला सोडवायला माझ्याकडे काहीतरी हवं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तीन दिवस परांचीला पडदा लावून त्याने काम केलं. ओल्या गिलाव्यावर भराभर रंगवावं लागतं, वाळला की हात बांधले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी पाव घेऊन शिडीने वर चढले, तेव्हा चेहरा पुरा झाला होता.

"कसा आहे?" खूश होता तो. "आहे का असा कुणी या गावात?"

मी बघितलं आणि पाव तसाच फळीवर ठेवला.

दर शनिवारी मी त्याचं डोकं धुवायचे. तो फळीवर उताणा पडायचा, मान माझ्या मांडीवर, खाली घमेलं. चौदा वर्षं मी तो चेहरा उलटा धुतला होता. ती पुढे आलेली हनुवटी, डावीकडे कललेलं नाक, भुवईतली ती बारीक चीर. सगळं भिंतीवर होतं.

"अहो," मी म्हणाले, "हे तुम्हीच आहात."

तो हसला. मग मान खाली लोंबकळवून त्याने चित्राकडे पाहिलं आणि हसायचा थांबला. मटकन फळीवर बसला.

"खरवडून काढा," मी म्हणाले.

"खाली शिपाई आहेत. कशाला खरवडतोस म्हणतील."

"मग दाढी लावा."

अंड्याच्या बलकात रंग कालवून त्याने सुक्या भिंतीवर लांब दाढी काढली. "आता?"

"आता दाढीवाले तुम्ही."

"उलट्या तोंडाकडे इतकं निरखून बघतं कोण? तुझ्याखेरीज दुसरं कुणी नाही."

मलाही ते पटलं. न्हाव्याची आठवण आम्हा दोघांनाही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घंटा वाजली. सगळ्या वेशींवरचे शिपाई चेहरा पाठ करायला रांगेने उभे केले होते. पडदा बाजूला झाला. लोक थुंकले, शिट्ट्या झाल्या. पुढच्याच ओळीत मेओ न्हावी होता. दर बुधवारी तादेओची मान मागे टेकवून, डोक्यामागे उभा राहून त्याची दाढी करणारा. मेओच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्याला फक्त तोंड आवरत नाही.

"अरे तादेओ!" तो पोट धरून हसला. "हा तर तू रे! दाढी चिकटवलीस म्हणून काय झालं, ती हनुवटी माझ्या वस्तऱ्याखालची आहे!"

लोक हसले. तादेओही हसला, सगळ्यांहून मोठ्याने. कारभारी हसला नाही. त्याने भिंतीकडे पाहिलं, तादेओकडे पाहिलं आणि शिपायांना हळूच म्हणाला, "ह्याला उलटा धरा."

दोघांनी पाय उचलले. टोपी गळून पडली, केस फरशीला लागले. हसणं थांबलं. कारभारी उकिडवा बसला आणि बराच वेळ बघत राहिला.

"म्हातारा कसा दिसतो ते तुला माहीत होतं," तो म्हणाला. "तू त्याला लपवलंस. बरं. भिंतीवर चेहरा तुझा आहेच, खाली नावही तुझंच घालू."

तादेओचं तोंड लाल होत चाललं होतं, भिंतीवरच्यासारखं. तो माझ्याकडे बघत होता. त्याला ठाऊक नव्हतं की कागद आहे. पण माझा चेहरा बघून त्याला कळलं. तो मानेने नाही म्हणाला. उलट्या चेहऱ्यावरचं मला सगळं वाचता येतं. तो नाहीच म्हणत होता.

"थांबा," मी ओरडले. "खरा चेहरा माझ्याकडे आहे." आणि घराकडे धावत सुटले.

कारभाऱ्याने तादेओला स्वतःचा चेहरा खरवडायला लावला आणि तो कागद समोर ठेवून गुरुजी काढून घेतले. दोन शिपाई शेजारी उभे होते. चित्र हुबेहूब झालं. पाचव्या दिवशी सान फ्रेदिआनोच्या वेशीवर लोकर धुणाऱ्यांच्या घोळक्यात गुरुजी सापडले. पुढचं मी बघायला गेले नाही. तादेओ गेला होता.

त्या शनिवारी मी पाणी तापवलं, घमेलं मांडलं, फळीच्या डोक्याशी बसले. तो आला. माझ्या मांडीकडे बघत थोडा वेळ उभा राहिला. मग घमेल्यावर ओणवा झाला आणि तांब्याने आपलं आपण पाणी घेऊ लागला.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. बाजाराला जाताना कोतवालीवरूनच जावं लागतं. उलटा चेहरा मला आता तिथेच दिसतो, आणि तो गुरुजींचा असतो.