उरलेली उजवी

मी उजवी किडनी बोलतेय. यकृताच्या खाली, पाठीला टेकून बसलेली, मुठीएवढी. आम्ही दोघी होतो. डावी माझ्यासोबतच जन्मली. रक्त गाळायचं काम आम्ही वाटून घेतलं होतं आणि त्यावरून कधी भांडलो नाही.

आमचा मालक बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. त्याच्या धाकट्या बहिणीच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले, तेव्हा तो मागचापुढचा विचार न करता म्हणाला, "माझी घे." डावीची शीर लांब, म्हणून तिची निवड झाली. निरोपसुद्धा घेता आला नाही. शेजार एकदम रिकामा झाला.

तेव्हापासून दोघींचं काम मी एकटीच ओढते. तक्रार नाही. फक्त मालक पाण्याची बाटली शेजारी ठेवतो आणि तहान लागली की चहा मागतो, हे काही मला कळत नाही.

मग माझ्याच अंगावर एक गाठ उगवली, बोराएवढी. दुखत नव्हती, खुपत नव्हती. पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली आणि भलतीच ही सापडली. तुकडा काढून तपासला. कर्करोग निघाला.

माझं तर धाबंच दणाणलं. इतरांची एक किडनी काढली तरी दुसरी असते. माझ्यामागे कोण होतं? मी गेले तर मालकाला आयुष्यभर डायलिसिसच्या मशीनला जोडून घ्यावं लागणार होतं.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. "दुर्बिणीतून तेवढाच भाग कापता येईल. पण त्यासाठी किडनीचा रक्तपुरवठा थोडा वेळ थांबवावा लागतो, आणि तुमच्याकडे ही एकच आहे. त्यापेक्षा पाठीतून सुया घालून गाठ गोठवू. स्कॅनवर बघत बघत."

"थोडी उरली तर?"

"तर पुन्हा गोठवू. म्हणून नंतरची तपासणी चुकवायची नाही. आणि एक. श्वासाबरोबर किडनी हलते. मी सांगेन तेव्हा लहान श्वास घेऊन धरायचा, दर वेळी तेवढाच."

खरंच आहे ते. मालक श्वास घेतो तशी मी खाली सरकते. त्यात ट्रम्पेटवाल्याचा श्वास, विचारूच नका!

बहीण रोज घरी येऊन सराव घेऊ लागली.

"दादा, मैदानात वाजवायचंय का? छाती कसली फुगवतोस?"

"अगं, सवयच आहे ती."

"मोड ती सवय. माझ्यापायी ती एकटी उरलीये."

"पुन्हा हे बोललीस तर डावी परत मागेन हं."

दोघं हसली. मला हसू आलं नाही.

शेवटी तिनेच तोड काढली. "लहानपणी मी झोपलेली असले की कसा हळू वाजवायचास? मला जाग येऊ नये म्हणून?"

त्याने आठवून श्वास घेतला. मी जेमतेम हलले.

"हाच!" ती म्हणाली.

तो दिवस उजाडला. मालक पालथा पडला होता, जागा होता. पाठ इंजेक्शनने बधिर केलेली. सुई कातडीतून आत आली आणि बाई म्हणाल्या, "श्वास घ्या. धरा."

भीतीने सगळं विसरला बिचारा. छाती गच्च भरून घेतली. मी घसरले, आणि सुईच्या रोखात गाठीऐवजी माझा धडधाकट भाग आला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "सुई मी पुढे नेत नाही. सोडा श्वास. घाई नाहीये."

त्याचं हृदय एवढं धडधडत होतं की मला माझं काम सुचेना. आता काही खरं नाही, असंच मला वाटलं. मग तो उशीत पुटपुटला, "झोपलीये ती."

आणि तो लहानसा श्वास आला. मी होते तिथेच राहिले. सुई नेमकी गाठीत गेली. मग दुसरी. पाठोपाठ अशी थंडी भरली की बाजूचा माझा तुकडाही गारठून गेला. गाठ गोठवली, वितळू दिली, पुन्हा गोठवली.

परवाच्या स्कॅनमध्ये ती मेलेली दिसली. तिच्या जागी वण आहे. तरी तपासण्या चालूच राहतील, आणि तारीख जवळ आली की माझी झोप उडते. तुम्हाला एवढंच सांगते, पाणी पीत जा. आमच्यातली एखादी एकटीही असते.

रिपोर्ट ऐकून बहीण रडली आणि तिने दादाच्या पाठीवर हात ठेवला, बरोबर माझ्यावर. तो हात कोमट होता. त्यातलं रक्त डावीने गाळलेलं होतं.