पायाळूचा पाय

आबांची उजवी चप्पल पुढच्या टोकाला झिजली होती. टाच मात्र अजून नव्यासारखी. डावीचं उलटं होतं, टाच बाहेरच्या कडेने घासलेली, चालणाऱ्या कुणाचीही असते तशी. महिन्याभरापूर्वी मीच वडिलांसाठी घेतलेली जोडी. ती हातात घेऊन मी दारात उभी होते आणि आतून आबा मोठ्याने सांगत होते की त्यांना गुण आला.

"अनू, दुखायचं थांबलं की गं. चार दिस झालं, कळ न्हाय का काय न्हाय. तुझ्या पायाचा गुण हाय ह्यो."

मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. आमच्या मुरगूडकडे पाठीत उसण भरली की लोक पायाळू माणूस शोधतात. त्याने दुखऱ्या जागी पायाचा अंगठा टेकवायचा, तीन रविवार. सातव्या वर्षापासून मी टेकवत आले. पुढे जीवशास्त्र शिकले, कॉलेजात चेतासंस्था शिकवू लागले, कळंब्याला घर केलं, तरी लोक पत्ता काढून येत राहिले. उसण बहुतेक वेळा आठवड्याभरात आपली आपण उतरते. श्रेय मला मिळायचं आणि नाही म्हणायचं राहून जायचं.

आबांचं दुखणं उसणीचं नव्हतं. तीस वर्षं त्यांनी दुधाचा टेम्पो चालवला, भरलेले कॅन कमरेत वाकून चढवले आणि उतरवले. आठ महिन्यांपूर्वी कुल्ल्यातून कळ निघाली, मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या बाजूने थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. एमआरआयमध्ये कारण स्पष्ट दिसलं. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या मुळावर दाबत होती.

"शीर दबलीय," मी सोपं करून सांगितलं. ही माझी चूक. शीर म्हटल्यावर आबांना रक्ताची शीर वाटली आणि ती मोकळी करायला ते केरबा मालीशवाल्याकडून पोटरी चोळून घेऊ लागले. बिघाड कमरेत आहे, पोटरीत फक्त जाणवतो, हे मी वहीत काढून दाखवलं. बटण इथं असतं आणि दिवा तिकडे लागतो, असंही सांगून पाहिलं. "व्हय व्हय," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा केरबाकडे.

डॉक्टरांनीही घाई केली नव्हती. गोळ्या घ्या, व्यायाम करा, बऱ्याच जणांचं एवढ्यावर बरं होतं, म्हणाले. मात्र पायाचा पंजा उचलेनासा झाला तर एक दिवस थांबू नका, ऑपरेशन करावं लागेल, असं बजावलं होतं. आबांनी तेव्हाच मान फिरवली.

"मणक्याला सुरी लावलेला माणूस परत उठत न्हाय."

"कोण उठला नाही?"

"हाईत लई."

एकाचंही नाव त्यांना सांगता आलं नाही. शेवटी, पाय टेकवलास तर व्यायाम करतो, असं ते म्हणाले. मी तीन रविवार पाय टेकवला. त्यांनी व्यायाम एकदाही केला नाही.

आज चौथा रविवार. मी चप्पल खाली ठेवली.

"आबा, उभे राहा. टाचांवर दोन पावलं चाला."

"कशाला? ड्रिलमास्तर झालीस काय?"

भिंतीला हात टेकून ते उभे राहिले. डावा पंजा वर आला. उजवा फरशीवरच राहिला.

"उजवा उचला."

"उचललाय की."

"खाली बघा."

ते बघत राहिले. मी बसून पेनाचं टोपण त्यांच्या पावलावर आणि अंगठ्यावर टोचलं.

"कळतंय?"

"काय?"

"हेच सांगतेय. दुखणं बरं झालेलं नाही. कळायचंच बंद झालंय."

ते खुर्चीत बसले. "मग आज आनि एकदा टेकव पाय."

"नाही."

"शिरोळपासनं आलेल्या लोकास्नी टेकवतीस, आन् बापाला न्हाय?"

"त्यांनाही टेकवायला नको होता. तुम्हाला तर मुळीच नको होता. तीन आठवडे मी वाया घालवले."

"लई शिकलीस."

"शिकले, पण उपयोग काय? तुम्ही केरबाचं ऐकलं."

तेवढ्यात फाटक वाजलं. कमरेवर हात ठेवून वाकलेला एक माणूस अंगणात उभा होता. धैर्यशील असं नाव सांगून त्याने विचारलं, "पायाळू बाई हितंच ऱ्हात्यात न्हवं?"

मी उत्तर द्यायच्या आत आबा उठले. चपला सरकवून तरातरा पायरी उतरले. आल्या माणसाला मला न विचारता आत घ्यायची त्यांची सवयच होती. तीन पावलांवर धैर्यशील त्यांच्या पायांकडे बघू लागला.

"काका, चप्पल ऱ्हायली."

आबांनी खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी होता आणि सकाळच्या उन्हात तापू लागलेल्या बारीक खडीवर टेकला होता. चप्पल मागे पायरीशी पडली होती. त्यांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी चप्पल उचलायला गेले नाही.

"पावणं," आबा धैर्यशीलला म्हणाले, "बाई पाय टेकवायची बंद झाली. डॉक्टरला दावा." मग त्याच चढ्या आवाजात, "मी बी तिकडंच निघालोय. मणक्याचं ऑपरेशन करून घेतोय."