मकारियसच्या टोपल्या

अनसिंगच्या तुळसाबाईंचं पत्र दिवाळीनंतर आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नव्हतं.

वाशिमच्या एका दिवाळी अंकात मी मकारियस या इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिस्ती संतावर लेख लिहिला होता. तरुणपणी तो एका गावाबाहेर झोपडीत राहत असे. गावातल्या एका मुलीला दिवस गेले आणि भीतीपोटी तिने त्याचं नाव घेतलं. लोकांनी काजळी धरलेली मडकी गळ्यात अडकवून त्याला मारत गावभर फिरवलं. तो गप्प राहिला. रात्रंदिवस टोपल्या विणून, त्या विकून तो त्या मुलीला खायला पाठवू लागला. पुढे बाळंतपणात मुलगी अडली, तेव्हा तिने खरं सांगितलं. लोक त्याचे पाय धरायला निघाले, तर मान नको म्हणून तो दूर वाळवंटात निघून गेला. तिथेच मी लेख संपवला. तो शेवट मला फार आवडला होता.

तुळसाबाईंनी लिहिलं होतं, 'गुरुजी, माह्या मंजुषानं बी भेऊन एका भल्या माणसाचं खोटं नाव घेतलं. मंग खरं सांगतलं. गाव त्या माणसाची माफी मांगून आलं. पोरीले अन् तिच्या लेकराले मी मावशीकडे धाडलं. तुमच्या गोष्टीतल्या पोरीचं पुढं काय झालं? मायनं घरात घेतलं का? तुमी सांगसान तसं करीन.'

जवळची सगळी पुस्तकं चाळली. काही नव्हतं. आणखी एखादं पाहू, मग लिहू, असं म्हणत राहिलो. कोणाच्या घरात कोणी राहावं हे सांगणारा मी कोण?

संक्रांतीनंतर माझी बायको ललिता अनसिंगला लग्नाला जाऊन आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "ते मंजुषा मावशीच्या गोठ्यात राहून राह्यली. एवढ्या थंडीत, लेकरू घेऊन. माय म्हणते, गुरुजीचं पत्र येऊ द्या."

"पण पुस्तकात काहीच नाही गं."

"मंग नाही म्हणून लिहा! कायले दाबून बसले?"

"माझं चुकलं तर?"

"तुमचा साधू तं गेला पळून. टोपल्या बंद झाल्यावर त्या पोरीले कोणं जेवू घातलं?"

मी पुन्हा पुस्तकाकडे हात नेला, तर तिने ते बाजूला सरकवलं.

"पाहा, तो मानाले भ्याला, तुमी एका पत्राले."

इतकी वर्षं ती गोष्ट वाचली, पण हे मनात आलं नव्हतं. मुलीने खरं सांगितलं आणि तिचं जेवण बंद झालं असेल.

आईने तिला घरात घेतलं, असं लिहून टाकावं असं वाटलं. कोण तपासणार होतं? पण तसं लिहिलं नाही.

'तुळसाबाई, त्या मुलीचं पुढे काय झालं ते पुस्तकात नाही. तिचं नावसुद्धा नाही. लिहिणाऱ्यांनी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. माझ्या उत्तरासाठी थांबायला नको होतं. मंजुषाला घरी आणा.'

शेवटचं वाक्य खोडलं, पुन्हा लिहिलं.

पोस्टासमोरून अनसिंगची बस निघत होती. पत्र स्वतः नेऊन देता आलं असतं. तेवढा धीर झाला नाही. बस गेल्यावर मी ते पेटीत टाकलं.