पातेलं सोडायचं असतं

शाळा काढायची, हे समितीनं ठरवलं. काढायची कुणी, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी पेनिना लांडाउकडे पाहिलं. बारभाईची शेती, काय लागेल हाती! पण पेनिनाला इलाज नव्हता. ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टवर आपली ज्यू शाळा निघाली नसती, तर तिच्या पाच वर्षांच्या याएलला ब्रिस्बेनला मावशीकडे ठेवावं लागलं असतं. लेक नजरेआड होऊ नये, एवढ्यासाठी ही बाई अख्खी शाळा उभी करत होती, तीही फुकटात.

वर्ग झाले, बाक आले. घोडं अडलं स्वयंपाकघरात. परक्यांकडून घेतलेली नवी भांडी नैसर्गिक पाण्यात बुडवून काढल्याशिवाय आपल्यात वापरत नाहीत, आणि तोवर आपले धर्मगुरू, रब्बी एल्खनन, स्वयंपाकघराला होकार देणार नव्हते. होकार नाही तर जेवण नाही, जेवण नाही तर शाळा नाही. शाळा उद्या उघडायची होती. समितीतल्या प्रत्येकाची नेमकी त्याच दिवशी कंबर धरली.

मग पेनिना आणि याएल भांडी घेऊन समुद्रावर गेल्या. रब्बीही आले, पण सूचना द्यायला. चमचे बुडवले, ताटल्या बुडवल्या. शेवटी उरलं सूपचं पातेलं, याएल आत बसेल एवढं. पेनिना ते घट्ट धरून कंबरभर पाण्यात उभी राहिली.

"सोडा," काठावरून रब्बी म्हणाले.

"वाहून जाईल ना."

"क्षणभर सोडा हो. हात असेल तिथं पाणी लागत नाही. धरून ठेवलंत तर ते बुडवलंच नाही."

तिनं सोडलं. पातेलं एकदा बुडालं, वर आलं आणि सरळ न्यूझीलंडच्या रस्त्याला लागलं.

"माझी शाळा चालली!" पेनिना ओरडली. कुणीतरी बुडतंय समजून जीवरक्षकांनी भोंगा वाजवला, सगळा किनारा पाण्याबाहेर काढला आणि बोट नेऊन पातेल्याला वाचवलं. सवयीनं त्याला घोंगडीही गुंडाळली. आत एक खेकडा बसला होता.

खेकडा आपल्याला खायला निषिद्ध. बातमी कळताच समितीच्या कमरा बऱ्या झाल्या. सगळे धावत आले आणि पातेलं चालेल की बाटलं यावरून वाळूतच दोन तट पडले. पेनिनाला रडू कोसळलं. रब्बींनी पातेल्यात डोकं घालून नीट पाहिलं.

"शिजलेला नाही, नुसता बसलाय," ते म्हणाले. "पातेलं चालेल. त्याला समुद्रात सोडा आणि घरी जा."

दुसऱ्या दिवशी शाळा उघडली. आत सूप उकळत होतं. वर्गाच्या दारात पेनिनानं याएलचा हात धरला होता, घंटा झाली तरी धरलेलाच होता. मागच्या बाकावर आपणही बसावं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. शिकवणाऱ्या बाई थांबल्या, मुलं बघायला लागली.

"आई, क्षणभर सोड ना," याएल म्हणाली. "धरून ठेवलंस तर मी शाळेत गेलेच नाही."

पेनिनानं सोडला. याएल मागं न बघता आत गेली. दाराबाहेर पेनिना कितीतरी वेळ तशीच उभी राहिली, आणि बोट घेऊन कुणीही आलं नाही.