दोन गिरण्या, एक ओसरी

चुंडुंगने नकाशा टेबलावर पसरला आणि मनाशी ठरवलं, काही झालं तरी आज भिंत होऊ द्यायची नाही. नायजेरियातल्या जोस शहरातल्या त्या दंगलीनंतर हौसा मुसलमान नाल्याच्या अलीकडे आणि बेरोम ख्रिस्ती पलीकडे गेले, त्याला अकरा वर्षं झाली. आता मधल्या ओसाड जागेवर घरं, दुकानं, दवाखाना असं एकच संकुल उभं राहायचं होतं. कमिटीचं म्हणणं, मधोमध भिंत घाला, कटकटच नको. दोन्हीकडच्या बायकांनी आज नकाशाला होकार दिला, तरच भिंत टळणार होती.

तांदळाची मसा तळून विकणाऱ्या हाजिया लादिदीने नकाशातल्या गिरणीवर बोट ठेवलं. "ही एकच?"

"हो हाजिया. दळायला सगळ्याच येतात. आपोआप बोलणं होईल."

"आपोआप म्हणे! अगं शहाणे, ही पलीकडची लिओप तिथं मोडाची ज्वारी दळणार, दारूसाठी. त्याच गिरणीत माझा तांदूळ? मग माझी मसा खाईल कोण? त्यापेक्षा घाला तुमची ती भिंत!"

चुंडुंगच्या तोंडचं पाणी पळालं. ती बेरोम घरातली. ज्वारीच्या दारूच्या वासातच लहानाची मोठी झाली. त्यामुळे हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. एवढी शिकलीसवरलेली आर्किटेक्ट, आणि नकाशा काढला तो आपल्याच घरापुरता! तिला स्वतःची लाज वाटली. पण लाजत बसायला सवड कुणाला होती? तिने खोडरबर उचललं, गिरणी पुसली आणि दोन काढल्या, पाठीला पाठ लावून. बाजूला दोघींना मिळून एकच ओसरी.

"म्हणजे दळण होईस्तोवर हिच्या तोंडाकडे बघत बसायचं?" हाजिया फणकारली.

"का, विटाळ होतो?" लिओप म्हणाली. "शेजारी होतीस तेव्हा दिवसभर माझ्याच दारात ठाण मांडून असायचीस."

"भिंत घालायची असेल तर दुसरा माणूस शोधा," चुंडुंग म्हणाली. "मी ती नकाशात काढणार नाही."

हाजियाचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ती लिओपकडे बघत होती.

"आम्ही पळालो त्या दिवशी तुझी लेक कानेंग तापाने फणफणली होती," ती हळूच म्हणाली. "बरी झाली का गं ती?"

"झाली. लग्न ठरलंय तिचं."

हाजियाने ओढणीने डोळे पुसले आणि चुंडुंगवर खेकसली, "बघतेस काय नुसती? ओसरी रुंद कर. एवढ्याशा जागेत आम्ही बसायचं कुठे?"