डोळ्यांखालचे पांढरे दाणे

सुट्टीचा दिवस होता. धुणी वाळत घालून झाली तशी सुईताईंनी खिडकीपाशी स्टूल ओढलं, चष्मा पुसला आणि लेकीला हाक मारली, "चिऊ, ये गं. उजेड चांगला आहे तोवर उरकून टाकू."

सुईताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, ते कारखान्यात पडलेलं. कापडाच्या तपासणीच्या टेबलावर त्यांची उभी हयात गेली. खालून दिवा लावलेल्या काचेवरून कापड सरकत जायचं, आणि कुठे धाग्याची गाठ दिसली की ती सुईने अशी अलगद उचलायची की विणणाऱ्यालाही पत्ता लागू नये. ताईंचा त्यात हातखंडा. त्या टेबलावरच्या बायकांची आणखी एक रीत होती. कुणाची मुलगी दाखवायची ठरली, की तिला आधी ताईंसमोर बसवायचं. गालावर, पापणीखाली पांढरे दाणे असले तर ताई तेही सुईने काढून द्यायच्या. "कसा ताग्यासारखा साफ झाला बघा चेहरा!" असं म्हणत बायका खुशीत जायच्या. पुढे त्या चेहऱ्यांचं काय झालं, ते विचारायला ताई कधी गेल्या नाहीत. कौतुक मात्र त्यांनी भरभरून करून घेतलं.

आज पाळी स्वतःच्या लेकीची होती. चिऊ बालवाडीत शिकवायची, पोरांत पोर होऊन दिवसभर हुंदडायची. तिच्या दोन्ही डोळ्यांखाली मोहरीहून लहान, टणक, पांढरे दाणे होते. ते दुखत नव्हते, खुपत नव्हते, तिला त्यांची आठवणसुद्धा नसायची. पण मागच्या आठवड्यात मुलाकडची मंडळी येऊन गेली आणि निघताना मुलाची आत्या दारात थांबून म्हणाली, "मुलगी छान आहे हो. डोळ्यांखालचं ते पांढरं तेवढं साफ करून घ्या, मग परत येतो आम्ही." मुलाचे दात एकावर एक चढलेले होते, पण त्याबद्दल बोलायची कुणाची टाप होती? मुलीकडची माणसं ना ही!

"आई, राहू दे ना. मला काही होत नाही त्याचं," चिऊ म्हणाली.

"तुला होत नाही गं, बघणाऱ्याला होतं. हलू नकोस."

पहिले काही दाणे पटापट निघाले. मग एक खोल लागला. कापडाला टोचलं तर ते गप्प राहतं. चिऊ कळवळली, तिने आईचं मनगट धरलं. ताईंनी ते सोडवून घेतलं आणि तिचं डोकं स्वतःच्या पोटाशी दाबून टोकरत राहिल्या. रक्त आलं ते कापसाने टिपलं. "झालंच बघ, रडूबाई," असं लाडाने म्हणाल्या. हात थांबला नाही.

चिऊचा उजवा डोळा सुजला. आधी ताई म्हणाल्या, उतरेल. मग डोळाच उघडेना, खाली पू धरला, अंगात ताप भरला. तेव्हा कुठे पाचावर धारण बसली आणि त्या लेकीला घेऊन त्वचेच्या डॉक्टरकडे धावल्या.

डॉक्टरबाईंनी चेहरा पाहिला आणि हातमोजे चढवता चढवता विचारलं, "कुणी केलं हे?"

ताई पिशवीत रुमाल शोधू लागल्या.

"मीच," चिऊ म्हणाली. "आरशात बघून."

"अगं, असं करतात का? याला मिलिया म्हणतात. त्वचेचाच भाग आत अडकून राहतो, बस. रोग नाही, घाण नाही, कुणाला लागण होत नाही. पुष्कळदा आपोआप जातात. अगदीच नको असतील तर आम्ही निर्जंतुक सुईने काढून देतो, पण मुळात काढलेच पाहिजेत असं काही नसतं. आणि डोळ्याजवळ घरची सुई? डोळा वाचला हे नशीब समज. खड्डे मात्र राहतील."

ताई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. लेकीने आपल्याला पाठीशी घातलं, आणि आपण ते मुकाट घेतलं. जीव शरमेने इतकासा झाला. घरी जाऊन बोलू, असं त्यांनी मनाशी म्हटलं. घरी गेल्यावर स्वयंपाकाला लागल्या.

जखमा भरल्या, खड्डे राहिले. मंडळी ठरल्याप्रमाणे परत आली. ताईंनी खड्ड्यांवर पावडरचे थर दिले होते. पण आत्याबाई पक्क्या. त्यांनी चिऊची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"अगंबाई! हे काय करून ठेवलंत? यापेक्षा ते दाणे परवडले असते!"

चिऊने आईकडे पाहिलं. तिचे बाबा चपलांकडे बघत होते. आणि ताईंच्या तोंडून भस्सकन निघून गेलं, "काय सांगू हो, हिनेच टोकरलं! धीर म्हणून नाही पोरीला."

चिऊने आत्याबाईंचा हात शांतपणे बाजूला केला. "मला हे स्थळ नको," एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली. दाराला आतून कडी लागल्याचा आवाज बैठकीत सगळ्यांनी ऐकला. त्या दिवसापासून ती आईशी बोलली नाही. मीठ हवं असलं तरी बाबांकडे मागायची.

कारखान्यात बायका विचारायच्या, "जमलं का हो चिऊचं?" ताई नुसतं हूं म्हणायच्या. आणि एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावर कापडाच्या घड्या घालणारी घडीवाली आपल्या मुलीला घेऊन आली. कोवळी पोर, नाकाशेजारी चार दाणे, डोळ्यांत भीती.

"ताई, उद्या बघायला येताहेत. एवढं करून द्या ना. तुमच्यासारखा हात कुणाचा नाही."

बायका भोवती सरकल्या. कुणीतरी सुई पुढे केली.

"नाही करणार," ताई म्हणाल्या.

"आता गं बाई! रुसलात का काय?"

"माझ्या चिऊच्या तोंडावर मी खड्डे पाडले. मी, ह्या हातांनी. ती नको नको म्हणत होती. डोळा जायचा वाचला. डॉक्टरसमोर तिने सगळं स्वतःवर घेतलं, आणि चार माणसांत मीही तिच्यावरच ढकललं. माझ्या पोटच्या पोरीवर." मग त्या घडीवालीच्या पोरीकडे वळल्या. "याला काही होत नाही गं, बाळ. राहू दे असंच. फारच वाटलं तर डॉक्टरकडे जा, पण कुणाला दाखवायचं म्हणून नको."

घडीवाली गडबडली. "अहो, पण त्या लोकांना काय सांगू मी?"

"सांग, आमची मुलगी अशी आहे. नाक मुरडलं तर दार दाखव. मला नाही ते जमलं."

टेबलाभोवतीच्या दोघींनी माना खाली घातल्या. त्यांच्याही मुली कधीतरी अशाच ताईंसमोर बसल्या होत्या. ताईंनी त्या दोघींकडे पाहिलं.

"तुमच्या मुलींचं काय झालं, ते मी कधी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "आज विचारते. सांगा."